मर्टलमावशी आणि टेरीचा लांब सूर

टेरी स्ट्रेकरबद्दल आमच्या हॅरोबर्नमध्ये, उत्तर इंग्लंडातल्या या कोळशाच्या खाणीच्या गावात, तीन गोष्टी सांगतात. पहिली अशी, की तो खाणीत काम करता करता टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात गिटार शिकला. टेरी एक दिवसही खाणीत उतरला नव्हता. तो खाटकाच्या दुकानात सॉसेज भरायला होता. दुसरी अशी, की लंडनला जायच्या दिवशी त्याने आपली जुनी गिटार पुलावरून टाइन नदीत फेकून दिली. ती बसमधून खाली पडली होती आणि त्यावरून तो ड्रायव्हरशी कडाकडा भांडला होता. तिसरी गोष्ट मात्र गावाबाहेरही पोचली, पार अमेरिकेपर्यंत. एकाहत्तर सालच्या नोव्हेंबरात आमच्या खाणकामगारांच्या वेल्फेअर हॉलमध्ये टेरीने म्हणे एकच सूर एवढा वेळ आणि एवढ्या जोरात धरला, की हॉलचे सगळे दिवे गेले.

त्या संध्याकाळी मी हॉलमध्ये होते. लोकांचे कोट सांभाळायच्या खिडकीत उभी होते, एकोणीस वर्षांची. दिवे गेले नव्हते. माझ्या मावशीने घालवले होते.

मर्टल कॉक्सन ही माझ्या आईची थोरली बहीण, हॉलची केअरटेकर. बॉयलर पेटवणं, हाऊजीच्या खुर्च्या मांडणं, लग्न झालं की दुसऱ्या दिवशी फरशी घासणं, सगळं तिच्याकडे. तिचा नवरा विल्फ खाणीत इलेक्ट्रिशियन होता. हॉलमधली सगळी वायर त्याने सुट्टीच्या दिवशी, एका पैचीही अपेक्षा न करता बसवली होती. तो शिडीवर चढून काम करायचा आणि मावशी खाली शिडी धरून उभी राहायची. विल्फला काम करताना बोलायची सवय होती. ही वायर कशाला, ती कशाला, कोणती चुकली तर काय होतं, हे सगळं तो बोलत राहायचा. मावशीला दुसरं काही ऐकायला नसल्यामुळे तिने ते ऐकलं आणि तिच्या ते लक्षात राहिलं. एकोणसत्तर साली छातीत कोळशाची धूळ भरून विल्फ गेला. त्यानंतर दिवा गेला की लोक मावशीलाच हाक मारायचे.

टेरीचा बँड तेव्हा नुकता नावारूपाला येत होता. ‘आयर्न लार्क’ त्याचं नाव. गावचा पोरगा गावात वाजवणार म्हणून महिनाभर आधीच तिकिटं संपली होती. शनिवारी दुपारी सामान आलं. माणसाच्या छातीएवढे स्पीकर, अँप्लिफायर, खोकी. आवाजाचं बघायला क्लाइव बॅसिंगर नावाचा लंडनचा पोरगा होता, लांब केसांचा, सतत घाईत. अँप्लिफायर चालू केला की त्यातून घरघर यायची. क्लाइवने दोन-तीन वेळा इकडचं तिकडे केलं, आणि मग सरळ अँप्लिफायरचा प्लग उघडून अर्थिंगची वायर काढून टाकली. घरघर थांबली.

मावशी स्टेजवर झाडू मारत होती. ती थांबली.

“ती वायर परत लाव,” ती म्हणाली.

“आजी, तुम्ही चहाचं बघा. आवाजाचं आम्ही बघतो.”

“आजी तुझी तुझ्या घरी. उद्या त्या यंत्रात काही बिघडलं, तर वीज जाईल कुठे? त्या पोराच्या हातात गिटारच्या तारा आहेत. त्याने माईकला हात लावला तर ती त्याच्यातून जाईल.”

“सगळे असंच करतात, बाई. बर्मिंगहॅमला केलं, लीड्सला केलं. कोणी मेलं नाही.”

“कोणी मेलं नाही म्हणजे वायर नको असं नाही.”

क्लाइव हसला आणि प्लग सॉकेटमध्ये खुपसून निघून गेला. मावशी टेरीकडे गेली. टेरीला ती लहानपणापासून ओळखत होती. तो गडबडीत होता, आई-वडील भेटायला आले होते, वर्तमानपत्रवाला उभा होता. “क्लाइव हुशार आहे, मिसेस कॉक्सन,” एवढंच तो म्हणाला. मग ती हॉलच्या कमिटीचे अध्यक्ष अल्बन एल्सडन यांच्याकडे गेली. एल्सडन खाणीत मोठे मुकादम, विल्फचे दोस्त. ते म्हणाले, “मर्टल, आज सातशे माणसं येणार आहेत. आज काही काढू नकोस.”

संध्याकाळी ती माझ्या खिडकीशी आली. “मी मेन स्विचपाशी उभी राहणार आहे,” ती म्हणाली. “कोणी विचारलं तर सांग, पाय दुखतात म्हणून बसलीय.”

मेन स्विच स्टेजच्या डाव्या बाजूला, पडद्याआडच्या कपाटात होता. लोखंडी दांड्याचा. तिने कपाटाचं दार उघडं ठेवलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. मी शेवटच्या खुर्च्यांच्या मागे होते, तिथून मला तिचा फक्त फुलाफुलांचा ॲप्रन दिसत होता. पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. लोक खुर्च्यांवर चढले. मला टेरीचं काही ऐकू येत नव्हतं. मी फक्त त्याचा हात माईकपासून किती लांब आहे ते बघत होते. गायचा तो ड्रमवाला, टेरी नुसती गिटार वाजवायचा, त्यामुळे त्याला माईकपाशी जायचं कारण नव्हतं. चार गाणी झाली. मला वाटलं, निभावलं.

पाचव्या गाण्यात टेरीची तान रंगात आली. लोकांशी काहीतरी बोलायचं म्हणून तो पुढे झाला आणि त्याने उजव्या हाताने माईकचा दांडा धरला. डावा हात तारांवर होता.

गिटारमधून एक सूर निघाला आणि निघतच राहिला. टेरी ताठ उभा, मान मागे, तोंड उघडं. सूर वाढत गेला, स्पीकर किंचाळायला लागले. सातशे माणसं वेडी झाली. असं वाजवणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या पुढचा एक जण ओरडत होता, “बघा, बोटंसुद्धा हलवत नाही.”

बोटं हलत नव्हती, हे खरं होतं.

मग अंधार झाला. सूर मध्येच तुटला आणि काहीतरी जड पडल्याचा आवाज आला.

लोकांना वाटलं फ्यूज गेला. आधी हशा, मग शिट्ट्या, मग शिव्या. कोणीतरी बिअरचा ग्लास स्टेजवर भिरकावला. टॉर्चच्या उजेडात मावशी दिसली, आणि कोणीतरी ओरडलं, “कॉक्सनबाईने बंद केलं. मी पाहिलं.” त्यावर जो गदारोळ झाला तो मी विसरणार नाही. ती तिकडे न बघता हाका मारत होती, “अल्बन. अल्बन, इकडे ये.”

एल्सडनना खाणीतला प्रथमोपचार येत होता. त्यांनी टेरीच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली, तोंडाने श्वास दिला. धावत जाऊन टॉर्च मी धरली होती. टेरीचा चेहरा राखाडी झाला होता. डाव्या हाताच्या बोटांवर तारांचे काळे चरे उमटले होते. एल्सडन मोजत होते, थांबत होते, परत मोजत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग टेरी खोकला.

त्याला डरहॅमच्या हॉस्पिटलात नेलं. मावशीने अँप्लिफायर, प्लगसकट, सामानाच्या खोलीत ढकलायला लावला आणि बाहेरून कुलूप घातलं.

रविवारी सकाळी नऊला बँडचा मॅनेजर रॉडनी पेल लॉरी घेऊन हजर झाला. उंटाच्या केसांचा कोट, हातमोजे. त्याने वर्तमानपत्रांना आधीच फोन केले होते. हॉलच्या दाराशी कमिटीची माणसं आणि आणखी वीसेक जण जमले होते. पेल त्यांना म्हणाला, “तुमच्या जुन्या वायरिंगने एका माणसाचा जीव जाणार होता. मी प्रकरण वाढवत नाही. आमचं सामान द्या, आम्ही जातो.”

माणसं एकमेकांकडे बघू लागली. प्रकरण वाढलं तर हॉलला टाळं लागेल हे सगळ्यांना कळत होतं.

मावशी खोलीच्या दारासमोर खुर्ची टाकून बसली होती. मी तिच्या शेजारी उभी होते. मला तिने सकाळीच हळू आवाजात सांगितलं होतं, “काल त्या गोंधळात तो लंडनचा पोरगा अँप्लिफायरपाशी परत गेला होता का, मी पाहिलं नाही. त्याने वायर परत लावली असली तर माझ्याकडे काही पुरावा नाही.”

“मर्टल, किल्ली दे,” एल्सडन म्हणाले.

“देते. आधी पेचकस आण. सगळ्यांसमोर तो प्लग उघड.”

“आणि प्लग ठीक निघाला तर?”

“तर विल्फने चूक केली, असं मी माझ्या हाताने लिहून देते.”

मागून कोणीतरी पुटपुटलं, “बाईमाणसाला ठेवलं की असं होतं.” मावशीने ते ऐकलं. तिच्या गालावर लाल चट्टे उठले, पण ती उठली नाही.

पेल म्हणाला, “मिसेस कॉक्सन, हे आमचं सामान आहे. मी पोलिसांना बोलावू शकतो.”

“बोलवा. त्यांच्याकडेही पेचकस असेल.”

एकदोघे हसले. एल्सडन बॉयलरच्या खोलीत गेले आणि पेचकस घेऊन आले. मावशीने कुलूप उघडलं. सगळे दारात दाटीवाटीने उभे राहिले. एल्सडननी गुडघ्यावर बसून प्लगचे स्क्रू काढले. तीन वेळा पेचकस घसरला. झाकण निघालं.

अर्थिंगची मधली मोठी पिन मोकळी होती. तिला काहीही जोडलेलं नव्हतं.

पण पेल शांतपणे म्हणाला, “खोलीची किल्ली रात्रभर कोणाकडे होती?”

वायर रात्री तिनेच काढली असेल, हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आता सगळ्यांच्या नजरा मावशीकडे वळल्या. त्या नजरा मी पाहिल्या. ज्या माणसांच्या लग्नात तिने खुर्च्या मांडल्या, ती माणसं होती. 

“मी काढली.”

क्लाइव होता. तो लॉरीपाशी उभा असेल असं आम्हाला वाटत होतं. रात्रभर झोपला नव्हता हे दिसत होतं.

“काल दुपारी मी काढली,” तो म्हणाला. “बाईंनी मला सांगितलं होतं. मी त्यांची थट्टा केली.”

“क्लाइव, लॉरीत जाऊन बस,” पेल म्हणाला.

“नाही बसत.”

एल्सडन उठले. गुडघे झटकत ते म्हणाले, “मिस्टर पेल, तुमचं सामान उचला. आमच्या हॉलची वायर विल्फ कॉक्सनने बसवलेली आहे. परत त्या वायरला नावं ठेवू नका.”

आमच्याकडे माफी मागायची पद्धत नाही. सोमवारी सकाळी मावशीच्या दाराशी एल्सडनच्या मळ्यातल्या लीकच्या, त्या जाड पातीच्या कांद्याच्या, चार जुड्या ठेवलेल्या होत्या, धुतलेल्या. त्या शुक्रवारी हाऊजीच्या खुर्च्या मांडायला सहा जण आपणहून आले.

एवढं होऊनही वर्तमानपत्रात आलं ते पेलने सांगितलेलंच, आणि त्यात आता ना वायर होती ना शॉक. सूर एवढा जोरात, की दिवे गेले. बुधवारी मावशी हॉस्पिटलात टेरीला भेटायला गेली, घरी भाजलेली, आत खिमा भरलेली पेस्ट्री घेऊन. त्याची दोन बोटं मिटत नव्हती. “खरं काय ते तू सांग,” ती म्हणाली. तो म्हणाला, “सांगेन.”

त्याने सांगितलं नाही. पुढची रेकॉर्ड त्या कथेवरच खपली. दोन बोटं कडक झाल्याने तो आता सावकाश, थोडकेच सूर लावत वाजवायचा. जाणकार म्हणायचे, हीच त्याची शैली. जर्मनी, जपान, अमेरिका झालं. त्याचे चाहते हॉल बघायला यायचे आणि मावशीला विचारायचे. ती सगळं सरळ सांगायची, प्लग, वायर, मेन स्विच. ते मान हलवायचे आणि स्टेजचा फोटो काढून जायचे. टेरीचं नाव मात्र ती घरात काढू द्यायची नाही. रेडिओवर लागला तर बंद करायची.

चौऱ्याऐंशीला खाणकामगारांचा संप झाला. हॉलमध्ये सार्वजनिक स्वयंपाकघर सुरू झालं आणि मावशी पासष्टाव्या वर्षी रोज दोनशे माणसांचे बटाटे सोलू लागली. डिसेंबरात, मुलांच्या नाताळासाठी वाजवायला टेरी आला. एकटा, पेलशिवाय. टक्कल पडलेलं. दुपारची वेळ, पोराबाळांनी हॉल भरलेला. दोन गाणी झाल्यावर तो माईकपाशी आला.

“त्या दिवशी मी काही सूरबीर धरला नव्हता,” तो म्हणाला. “मला शॉक बसला होता. मर्टल कॉक्सनने मेन बंद केला म्हणून मी जिवंत आहे. आणि या हॉलची वायर विल्फ कॉक्सनने बसवली होती, तिच्यात काही खोट नव्हती.”

हॉल खदखदून हसला. लोकांना वाटलं, गावाला खूश करायला गंमत करतोय. कोणीतरी ओरडलं, “तो सूर परत लाव, टेरी.”

नंतर तो स्वयंपाकघरात आला. मावशी भांडी घासत होती, मी विसळत होते. त्याने फडकं उचललं आणि बशा पुसायला लागला.

“मी सांगितलं,” तो म्हणाला. “हसले.”

“तेरा वर्षांनी सांगितलंस. हसणारच.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “विल्फचं नाव घेतलंस, ते बरं केलंस.”

मग मावशीने हात पाण्यातच ठेवून, त्याच्याकडे न बघता सांगितलं, “मलाही एक सांगायचंय. तो सूर लागला ना, तेव्हा माझा हात मेन स्विचच्या दांड्यावर होता. मला कळायला हवं होतं. पण पोरा, तो सूर फार सुंदर होता. मला वाटलं, तू वाजवतोयस. चार-पाच सेकंद मी नुसती ऐकत उभी राहिले.”

टेरीने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मी विसळायची थांबले. ती काय बोलून बसली हे तिलाही कळलं होतं, तिची मान खाली होती.

टेरीने हातातली बशी पुसून फळीवर ठेवली आणि पुढची उचलली.

“मीही ऐकत होतो,” तो म्हणाला.