मारिसेलचं न ढवळलेलं अळू

मारिसेल गेल्याचा फोन परळच्या हॉस्पिटलमधून सकाळी नऊला आला. फोन मीच घेतला. सासूबाई चहा पीत होत्या. त्यांना सांगितलं, तशा त्या कप खाली ठेवून अशा रडायला लागल्या, की तसं रडताना मी त्यांना तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. सासरे गेले तेव्हाही नाही. आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी येण्याआधी मनात आलं ते हेच, की मी गेले असते तर या एवढ्या रडल्या असत्या का... आज पाच आठवडे झाले. माझ्या या धाकट्या जावेचा मी बारा वर्षं मत्सर केला, आणि तो काही तिच्याबरोबर गेलेला नाही.

ती मूळची फिलिपाइन्सची. आमचे भाऊजी ज्या प्रवासी जहाजावर नोकरीला, तिथेच ती लाँड्रीत होती. लग्न करून आली ती थेट काळाचौकीला, आमच्या घरात. भाऊजी वर्षातले आठ-नऊ महिने जहाजावर आणि ही आमच्यात. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं. माहेरची सुमन तिथे संपली, शुभांगी झाले. मला कोणी विचारलं नाही. मारिसेलच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "नाव गोड आसा, ऱ्हवांदे." झालं. तिचं नावही राहिलं आणि गळ्यातला क्रूसही मंगळसूत्राशेजारी राहिला. मी मुकाट्यानं पेढे वाटले.

तरी स्वयंपाकघर माझं होतं, आणि त्यातही अळू माझं. चिंच, गूळ, डाळ, दाणे, आणि डावानं घोटघोट घोटलेली पानं. मजल्यावरच्या बायका वाटी घेऊन यायच्या. मग एकदा मारिसेलनं लालबागच्या बाजारातून अळूच्या जुड्या आणल्या आणि पानं गॅलरीच्या दोरीवर दोन दिवस वाळत घातली. तिसऱ्या दिवशी नारळाचं दाट दूध काढलं, त्यात आलं, मिरच्या, मूठभर जवळा, वर ती पानं दाबून बसवली आणि मंद आचेवर झाकण ठेवलं. चिंच नाही, कोकम नाही. मी म्हटलं, "अगं, घसा धरेल सगळ्यांचा."

"नाय धरणार, वहिनी. फक्त ढवळायचं नाय. पानं मऊ होईपर्यंत हात नाय लावायचा."

तिच्या गावाकडे याला लाइंग म्हणतात. सासूबाईंनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि ताट पुढे केलं. "माका अजून वाढ गो." मला त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. सगळं सामान आमच्याच डब्यांतलं, आमच्याच कोकणातलं. मला कसं सुचलं नाही, याचाच राग जास्त आला.

एका वर्षी गणपती गेल्यावर सासूबाईंच्या माहेरची माणसं जेवायला यायची होती. दहा दिवसांनी सुकं-ओलं म्हावरं खायला मिळणार म्हणून सगळे खुशीत. सासूबाईंनी फर्मान काढलं, अळू मारिसेलनंच करायचं. पातेलं गॅसवर चढलं आणि तेवढ्यात जहाजावरून भाऊजींचा फोन आला. ती बोलायला गॅलरीत गेली. मी झाकण उचललं, डाव घेतला आणि तळापासून तीनदा ढवळलं. चुकून नाही, सवयीनं नाही. ठरवून. झाकण लावलं आणि कोशिंबिरीची काकडी चोचवायला बसले.

जेवताना पहिल्यांदा मामांनी घसा खाकरला. मग सगळेच ताकाचे पेले मागायला लागले. मी वाट बघत होते, आता हिला बोलणी बसतील. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी माझं अळू खाजलं होतं, तेव्हा चार माणसांत सासूबाई म्हणाल्या होत्या, "हिच्या हाताक चव नाय." आणि आज? आज म्हणाल्या, "पानांच खाजरी गावली आसतली." मी केलेल्या पापाचंसुद्धा मला काही मिळालं नाही. मारिसेल मात्र ओट्यावरच्या ओल्या डावाकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं... आणि ताक वाढायला गेली.

पुढच्या वेळी तिनं गॅस पेटवण्याआधी डाव माझ्या हातात दिला. "वहिनी, पकडा." पानं शिजेपर्यंत मी तशीच उभी. त्यानंतर दर वेळी हेच. ती शिक्षा होती की विश्वास, मी कधी विचारलं नाही. डाव धरून उभ्या उभ्या आम्ही खूप बोललो, तिच्या आईबद्दल, माझ्या गुडघ्यांबद्दल, सासूबाईंच्या नकलासुद्धा केल्या. त्या दिवसाबद्दल मात्र एक अक्षर नाही. आज बोलू, उद्या बोलू असं म्हणत मी वर्षामागून वर्षं काढली आणि ती चार महिन्यांच्या आजारात गेली.

गेल्या रविवारी सासूबाईंनी तिच्या हातचं अळू मागितलं. मी केलं. पानं दाबून बसवली, झाकण ठेवलं, आणि हात शिवशिवायला लागले. म्हणून डाव सासूबाईंच्या हातात दिला आणि म्हटलं, "जरा धरा, नाहीतर मी ढवळीन."

डाव मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "एकदा तिचोच हात लागलेलो. गणपती गेल्यावर पाव्हणे इल्ले तेव्हा. माका रडत सांगल्यान, आई, माझ्याकडून ढवळलं गेलं म्हणून. कोणाक सांगू नको म्हणाली."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि पुन्हा तीच जुनी जळजळ उठली. माझी चूकसुद्धा हिनं माझ्याआधी कबूल करून टाकली होती आणि त्यावरही माया मिळवली होती. तेवढी एकच गोष्ट माझी स्वतःची उरली होती... ती तरी तिला घेऊ द्यायची नव्हती.

"आई, ती नव्हती. मी ढवळलं होतं. मुद्दाम."

सासूबाईंनी एकदा पातेल्याकडे बघितलं. मग त्यांनी मांडीवरचा डाव उचलून माझ्यापुढे धरला.

"मगे तूच धर."

पानं शिजायला अजून वीस मिनिटं होती. मी डाव धरून उभी राहिले.