खेकडा बुडवून मारला त्याची गोष्ट

खेकडा पाण्यात बुडून मरतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. एक नाही, दोन. दोन्ही मीच बुडवले, आणि तेही मोजून मीठ घातलेल्या पाण्यात.

तुर्भ्याला एका गाळ्याच्या माळ्यावर आमची लॅब. वारा फिरला की एपीएमसी मार्केटातला कांदा थेट मायक्रोस्कोपपर्यंत येतो आणि आम्ही डोळे पुसत विज्ञान करतो. आम्ही पाच इंजिनिअर आणि वर एक मॅडम. काम एकच: मज्जातंतूवर बसवायची पट्टी बनवायची. अपघातात ज्याचा हात निकामी झालाय, त्याच्या हाताचं म्हणणं यंत्रापर्यंत पोचवणारी. पट्टी नखाच्या कपच्याएवढी, दुधावरच्या सायीइतकी मऊ, आणि तिच्यात सोन्याच्या रेघा इतक्या बारीक की एकदा मी शिंकलो तर तीन महिन्यांची मेहनत पंख्याला जाऊन चिकटली.

पट्टीला चाळणीसारखी भोकं ठेवलेली. का? तर मांसानं त्यातून वाढावं आणि पट्टीला आपलंसं करावं. शरीर म्हणजे हाऊसिंग सोसायटीच की. ताठ माणूस राहायला आला की चार दिवसांत त्याच्याभोवती भिंत घालते. मऊ बोलणारा भाडेकरू मात्र वर्षभरात गणपतीच्या आरतीचं ताट धरतो. आमची पट्टी ताट धरणार, याची मला खात्री होती.

आता जिवंत मज्जातंतू पाहिजे होता. खेकड्याच्या पायात तो चांगला लांब असतो, आणि खेकडा नेरूळच्या मासळी बाजारात असतो. तिथे करावे गावची एक मावशी बसते. तिच्याकडे मी चार काळे, गलेलठ्ठ खेकडे मागितले.

"कालवनाला, का भाजायला?"

"ऑपरेशनला, मावशी."

"कोनाच्या?"

"खेकड्याच्याच."

मावशीनं शेजारणीला कोपर मारलं. "ऐकलंस गो? यांच्यात चिंबोरीला डाक्टर लागतो!" सगळी ओळ हसली. पापलेटंसुद्धा हसली म्हणतो मी.

दोन खेकड्यांच्या पायात पट्ट्या बसवल्या, वायर सांध्यातून बाहेर काढली. उरलेले दोन पट्टीशिवाय ठेवायचे होते, तुलनेला. मॅडमनी तीनदा बजावलं होतं. पण मॅडम बाहेर गेल्या आणि आमच्यातला मालवणचा म्हणाला, "ह्यांना पट्टीच नाही, तर ठेवून करायचं काय?" पाचही जणांना हे अगदी शास्त्रशुद्ध वाटलं. दुपारी डब्याच्या भाताबरोबर तुलना संपली. पट्टीवाल्या दोघांसाठी मात्र मोठा टब आणला, काठोकाठ पाणी भरलं, मीठ मोजून घातलं आणि पळू नयेत म्हणून घट्ट झाकण लावलं. अरबी समुद्रालाही इतका मान मिळाला नसेल.

सकाळी दोघेही उताणे.

मॅडमनी टबात पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "पट्टी विषारी आहे," त्या म्हणाल्या. "जिवंत मांसाला चालत नाही." दोन वर्षांचं काम होतं ते. नऊ दिवसांनी हातांच्या शस्त्रक्रिया करणारे एक मोठे डॉक्टर येणार होते. ते नको म्हणाले की पट्टी कायमची कपाटात.

"पट्टीशिवायचे दोघे कसे आहेत?" मॅडमनी विचारलं.

मालवणचा छताकडे बघत होता.

"चवीला उत्तम होते," मी म्हणालो.

त्यानंतर मॅडम जे बोलल्या ते कांद्यालाही झोंबलं असतं. मी तडक नेरूळला गेलो. पट्टीवर आळ येण्यापेक्षा मावशीचा माल शिळा निघालेला बरा, असा माझा डाव. तिच्यापुढे उभा राहून तक्रार केली. तिनं शांतपणे विचारलं, "ठेवली कशात?"

"टबात. काठोकाठ पाणी."

"झाकन?"

"घट्ट."

"अरे मेल्या, बुडवून मारलीस की रं!" तिनं टोपलीवरचं ओलं गोणपाट उचललं. खाली कालचेच खेकडे, दोऱ्यानं बांधलेले, डोळे टवकारून बसलेले. "चिंबोरीला पानी नाय लागत, ओल लागते. साचल्या पान्यात तिचा जीव गुदमरतो. इतका शिकलास आन तुला कोनी सांगितलं नाय?"

नव्हतं सांगितलं! कल्ले ओले राहिले की खेकडा हवेवर दिवस काढतो, आणि झाकलेल्या टबातलं पाणी मात्र दोन खेकडे मिळून बघता बघता नासवतात. म्हणजे पट्टी निर्दोष असू शकत होती! मी बाजारात अशी उडी मारली की दोन मांजरं माल टाकून पळाली.

पुन्हा चार खेकडे घेतले. दोघांना पट्टी, दोघांना नाही. बिनपट्टीवाल्यांच्या पाठीवर मॅडमनी स्वतः मार्करनं लिहिलं: खाऊ नये. चौघे ओल्या गोणपाटात, सावलीत. सकाळ-संध्याकाळ मावशीनं दिलेलं खाडीचं पाणी शिंपडायचं. आम्ही पाळ्या लावल्या. आठव्या दिवशीही चौघे जिवंत होते आणि आम्हाला ओळखत होते. निदान मालवणच्याला तरी. तो जवळ गेला की नांग्या वर.

डॉक्टर आले. कमी बोलणारा माणूस. वायर जोडली, त्यांनी खेकड्याच्या पायाला ब्रशनं हळूच स्पर्श केला. पडद्यावरची रेघ उसळली, स्पीकर टरटरला. पुन्हा स्पर्श, पुन्हा टरटर.

"सिग्नल ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "पण मांसानं धरलीय का, ते बघू." त्यांनी खेकड्याला टेबलाशी बांधलेला दोरा सोडायला लावला, चिमट्यात वायर पकडली आणि ओढली. पट्टी निघेना. जरा जोरानं ओढली. तेवढ्यात कट्ट असा आवाज झाला. जिवावर बेतलं की खेकडा आपला पाय स्वतःच सोडून देतो. डॉक्टरांच्या हातात अख्खा पाय, आणि खेकडा टेबलावरून खाली, तिरका, सुसाट!

आम्ही पाचही जण जमिनीवर. डॉक्टर मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी पाय उघडून भिंगाखाली धरला. पट्टीच्या भोकाभोकातून मांस आरपार गेलं होतं.

"त्यानं पाय सोडला," ते सावकाश म्हणाले, "पण तुमची पट्टी नाही सोडली. पुढची चाचणी सशावर. मी येतो तुमच्याबरोबर."

मॅडमनी टाळी वाजवली, आम्ही असे ओरडलो की खालच्या गाळ्यातली मसाल्याची गिरणी थांबली. तिकडे कपाटाखाली तो नांगी उगारून बसला होता, आणि देशातल्या सर्वांत नाजूक पट्टीच्या पाच कारागिरांपैकी एकही तिथे हात घालायला तयार नव्हता.