चुन्याच्या हौदावरचे मामा

“अजून आंबट हाय, सायब.”

निळ्या कागदाची पट्टी सांडपाण्यात बुडवून मामा ती उन्हात धरत. लाल झाली की हे वाक्य ठरलेलं. आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचं काळं, आंबट पाणी हौदात साठायचं. त्यात चुना कालवून आंबटपणा मारायचा आणि मगच ओढ्याकडचं दार उघडायचं, हे त्यांचं काम. मी तिथला केमिस्ट. त्या पट्ट्या मीच त्यांना दिल्या होत्या.

मामा शिरूर कासारकडचे. अर्धी उमर ऊसतोडीत घालवून इथे कायम झालेले. चुन्यानं बोटं इतकी फुटलेली की जेवताना मीठ चिमटीत धरवत नसे. “तेवढं मीठ टाका, सायब,” म्हणत ते भाकरी माझ्यापुढे करत. एकदा कॅन्टीनच्या ताकातही त्यांनी पट्टी बुडवली आणि आचाऱ्याला अगदी गंभीरपणे निकाल सांगितला. असा चोख माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आपण त्याला हसतो आणि त्याच्याच जिवावर निर्धास्त राहतो.

दुष्काळात कारखान्याने ओढ्याच्या खालच्या अंगाला चारा छावणी काढली. ओढ्यात एकच डबकं उरलं होतं, त्यावर जनावरं पाण्याला येत. उद्घाटनाला मोठे पुढारी येणार म्हणून गोदामातला सगळा चुना बाहेर निघाला. रस्त्याच्या कडा, झाडांचे बुंधे, व्यासपीठाचा कट्टा, सगळं पांढरं झालं. इकडे हौद तुडुंब. घाण पाणी पाहुण्यांच्या रस्त्यावर यायला नको, म्हणून मॅनेजरचा हुकूम आला, दार उघडा.

मामा दारासमोर उभे राहिले. “खाली जनावरं पितेत. चुना आणा, मंग उघडतो.”

“मामा, बाजूला व्हा,” मी म्हणालो.

“तुमाला तर समदं ठावं हाय, सायब.”

दार मी उघडलं. हुकूम दुसऱ्याचा होता, हे सांगून माझी सुटका होत नाही. मामा काठाकाठाने धावत गेले आणि काठी घेऊन डबक्यावरून जनावरं हाकत राहिले. तरी दोन बैल मेले. चौकशीत ठपका मामांवर आला, कामाची जागा सोडल्याचा. त्यांना काढलं. अहवालावर माझी सही आहे.

पुढच्या हंगामात ते ऊसतोडीच्या ट्रकवर दिसले, बायकोशेजारी बसलेले. मी जवळ गेलो.

“मामा, परत या. मी वर बोलतो.”

“चुना आला का?”

“नाही.”

“मंग कावून बोलावता?”

ट्रक निघून गेला. त्यांच्या जागी कुणाला नेमलं नाही. दार मीच उघडतो.