हलक्या सॅकला ताडपत्री

रायपूर नव्यानं राजधानी झालं तेव्हा इथल्या बाजाराला वाटलं, आता माणसाला फक्त ब्रीफकेस लागणार. बूढापाऱ्यातल्या दुकानादुकानांत साहेब लोकांच्या काळ्या बॅगा टांगलेल्या. मला हवी होती पाठीवर घ्यायची हलकी सॅक, डोंगरावर एक रात्र काढता येईल एवढी. ती मागितली की दुकानदार शाळेचं दप्तर तरी काढायचा, नाहीतर जाड कॅनव्हासचं धूड. "पकड़ के देखिए दीदी, कितना वज़नदार है!" असं वर अभिमानानं सांगायचा. मी कपाळाला हात लावायची.

हलकीच हवी, याला कारण होतं. आदल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या गटाबरोबर डोंगर चढताना असल्याच धुडापायी मी अर्ध्यात बसले होते. खांदे सोलून निघाले आणि मला खाली पोचवायला दोघांना परत फिरावं लागलं. गटप्रमुख तोंडावर बोलले, "मॅडम, अगली बार भी रुक गईं तो फिर मत आइएगा." गटात बाई मी एकटीच. मी थांबले म्हणजे जगातल्या समस्त बायका थांबल्या, असंच त्यांनी धरलं होतं.

शेवटी एका दुकानात, दप्तरांच्या ढिगामागे ती सापडली. निळी, पातळ कापडाची, एका बोटावर उचलता येणारी. दुकानदारानंच नाक मुरडलं. "इसे कोई नहीं लेता, बहुत हल्की है." मी ती तिथल्या तिथे घेतली.

घरी बाबांनी ती हातात तोलून पाहिली. बाबा रेल्वेत गार्ड होते. गार्डाची लोखंडी पेटी जन्मभर वागवलेला माणूस, त्यांच्या लेखी जड तेच खरं. आमच्याकडे पातेलंसुद्धा वाजवून आणि तोलून घ्यायची रीत. "हे काय चिंधी आणली व?" एवढंच बोलले. रात्रभर बाहेर राहायला त्यांनी होकार दिला होता, तोही नाइलाजानं, म्हणून मी वाद घातला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ऑफिसातून आले तर सॅक ओळखू येईना. बाबा ती घेऊन भनपुरीला गेले होते, ट्रकवरच्या ताडपत्र्या शिवतात तिथं. आतून पूर्ण ताडपत्रीचं अस्तर, नाजूक पट्ट्यांच्या जागी ट्रकवरचं सामान बांधायचे पट्टे, त्यांना लोखंडी बकलं.

"बाबा, काहून हात लावला हिला?" मी ओरडलेच.

"अव, जंगलात पट्टा तुटला तं कोन शिवून देईन तुले? मी राहीन का तिथं?"

"मले हलकी पाहिजे होती! इतके दिवस शोधून राहिली होती मी!"

"आता कशी मजबूत झाली," ते म्हणाले आणि बकलांवरून हात फिरवत बसले. खरंच खूश होते. त्याचीच मला जास्त चीड आली.

मी ब्लेड घेऊन टाके उसवायला बसले. शिवणाऱ्यानं दुहेरी टीप मारलेली, टाक्याबरोबर निळं कापडच फाटायला लागलं. आगीतून फुफाट्यात! ब्लेड ठेवून दिलं आणि रडले.

सकाळी बसपर्यंत सॅक बाबांनीच पाठीवर घेतली, माझं ऐकलंच नाही. तलावाच्या वळणावर ते थांबले, पट्टा सरकवला, चार पावलं चालले आणि पुन्हा थांबले. बसपाशी आलो तोवर त्यांना धाप लागली होती.

"थोडी जड झाली, नाही व?" त्यांनी विचारलं.

मी सॅक उघडली, आतलं सगळ्यात जड असलेलं ब्लँकेट काढलं आणि त्यांच्या खांद्यावर टाकलं.

"अव, थंडी वाजन ना!"

"वाजू द्या."

माथ्यावर मी पोचले. पहिली नाही, पण गटप्रमुख माझ्यामागून आले आणि गप्प बसले. तेवढ्यासाठी सगळा आटापिटा होता. अंधार पडला तसा वारा सुटला. बाकीचे आपापल्या पांघरुणात शिरले, माझे मात्र दात वाजायला लागले. होते नव्हते ते कपडे अंगावर चढवले, तरी पाय गारठलेलेच. शेवटी रिकामी सॅक ओढली आणि गुडघ्यापर्यंत पाय तिच्यात घातले. ताडपत्रीतून वारा आत येईना. थोड्या वेळानं पायांना ऊब आली.

इतका राग आला मला बाबांचा!