अण्णा मालिकेतल्या बाबांसारखे बोलले

मंडळी, आज कळंबला आमच्या घरी काय झालं ते ऐका.

सकाळी मी स्कूटीची चावी हरवली म्हणून वडील, आमचे अण्णा, माझ्यावर लई ओरडले. मग दुपारभर टीव्हीवर जुनी विनोदी कौटुंबिक मालिका बघत बसले.

संध्याकाळी ते माझ्या शेजारी येऊन बसले. खांद्यावर हात ठेवून एकदम मऊ आवाजात म्हणाले, "बाळा..."

मी दचकून विचारलं, "अण्णा, कोण गेलं?"

"कुणी न्हाय गं! मालिकेतला बाप ओरडला की मागनं पोरांची अशीच समजूत काढतो. म्हणलं, आपण बी करून बघावं."

अण्णा ओशाळून उठायला लागले. मी त्यांचा हात धरला. "बसा की, अण्णा."

बसले. मग अण्णा म्हणाले, "चावी घावली का?"

लहानपणी वाटायचं, असले बाप फक्त टीव्हीतच असतात. तुमचे वडील मऊ बोलले की तुम्हालाही आधी धडकीच भरते का?