डाव्या स्पीकरची सुटी वायर

भूत, करणी, चकवा यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझा जन्म कुडाळकडचा... तिथं दर दुसऱ्या वडाखाली कुणीतरी काहीतरी ‘बघितलेलं’ असतं. त्या गोष्टी ऐकत मी पेज जेवायचो आणि गाढ झोपायचो. मला भीती वाटायची ती जिवंत माणसांची. साहेब रागावतील, काम जाईल, गावी परत जावं लागेल – ह्याची. तेव्हा खालचं वाचून कुणाला मला शहाणं करता आलं तर करा. मी वाटच बघतोय.

गोष्ट अहमदनगरची, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. सातवीत शाळा सुटली होती. एका गाववाल्याच्या ओळखीने नगरला आलो, तर त्या गाववाल्याचीच बदली होऊन तो निघून गेलेला! स्टँडवर रडत बसलो होतो. तिथून मला उचलून घरी नेलं ते आबांनी. आबा म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले हवालदार, भिंगारला राहायचे. त्यांनीच नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये शब्द टाकून मला हेल्पर म्हणून लावलं. मागची खोली दिली, काकूंच्या हातची भाकरी दिली. हे उपकार कसे फेडायचे, ह्याचीच मला काळजी असायची.

आबांचा डावा कान गेलेला होता. गोळीबाराच्या रेंजवर रणगाड्याच्या तोफेजवळ उभे असताना. मिलिटरी हॉस्पिटलने सांगून टाकलं होतं, आतली नसच मेलीय, आशा ठेवू नका. आणि असल्या माणसाला शौक कसला, तर स्टिरिओचा! शांतिसेनेबरोबर परदेशी गेले होते तेव्हा आणलेला. रेकॉर्ड फिरवायची पेटी, ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर. पेटीतून ॲम्प्लिफायरमध्ये दोन वायरी जायच्या, एक उजव्या स्पीकरचा आवाज न्यायची, एक डाव्याचा.

डाव्या वायरीच्या टोकाची पिन सैल झाली आणि माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं.

“डावा खोका मुका झालाय,” काकू म्हणाल्या. “ह्यांना काय, अर्धंच ऐकू येतंय, अर्धंच वाजलं तरी चालतंय. तू बघ बाबा.”

मला आनंद झाला. एवढं तरी करता येईल! सिगारेटच्या पाकिटातली चांदी पिनेला गुंडाळली, घट्ट बसवली. डावा स्पीकर खणखणीत वाजायला लागला.

“काय केलंस रं?” आबा खुर्चीतून ओरडले. “डावीकडचं बंद पडलं की!”

“वाजतोय, आबा. आत्ताच लागलाय.”

“न्हाई. आत्ता बंद झालाय.”

मला वाटलं चेष्टा करतायत. दोन दिवसांनी चांदी निसटली, डावा मुका... आणि आबा खूश. “हां! आता आलं बघ.” पक्कडीने पिन दाबली, रॉकेलने पुसली, तांब्याची तार कोंबली. मी जोडलं की आबांची तक्रार, सुटलं की काकूंची. अहो, एवढीशी पिन! दिवसभर वर्कशॉपात शिव्या खायच्या आणि सायकल मारत घरी आलो की ही. एकदा तर मी पक्कड भिरकावली आणि लगेच घाबरून उचलून पुसून ठेवली.

शेवटी सोल्डरिंग आयर्न मागून आणलं, पिनेची भानगडच काढून टाकली आणि वायर थेट आत डाग देऊन पक्की केली. दोन्ही स्पीकर सुरेख वाजले. काकूंनी माझ्या पाठीवर थाप मारली. आबा “झ्याक केलंस” म्हणाले... आणि त्यानंतर त्यांनी स्टिरिओ लावलाच नाही.

शनिवारी वर्कशॉपच्या फोरमनसाहेबांनी मला बोलावलं. “आबा सांगत होते, स्टिरिओ तू दुरुस्त केलास, तुझा हात चांगला आहे. वायरमनची एक जागा होतेय. ही रेकॉर्ड ने, नवी आहे. उद्या आबांकडे येतो ऐकायला. काम बघतो आणि ठरवतो.”

मी उडत घरी आलो. आबांना सांगितलं. ते हसले, पण त्यांचं लक्ष ॲम्प्लिफायरकडे होतं.

“पोरा, एक बोलू? हसू नगंस. ती वायर सुटली ना, का मला ह्या कानात ऐकू येत हुतं. तुजा जोड बसला का पुन्ना भिंत.”

काकू हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आल्या. “काय बोलताय? मला का न्हाई सांगितलं?”

“तू म्हनली असतीस, म्हातारा खुळावला.”

“ते आताबी म्हनतीय!”

खरं सांगतो, मला राग आला. माझ्या कामात खोट काढायची ही काय तऱ्हा! म्हटलं, होऊनच जाऊ दे. डाग काढला, वायर बाजूला केली. साहेबांच्या नव्या रेकॉर्डचं वेष्टन आमच्यासमोर फोडलं, सतारीची बैठक होती, श्रोत्यांसमोर वाजवलेली. काकूंनी आबांच्या उजव्या कानात कापूस घातला, वर तळहात दाबला. मी उजव्या स्पीकरला कान लावून बसलो.

सतार सुरू झाली. थोड्या वेळाने आबांनी मान वळवली.

“कोन खोकलं?”

“कुनी न्हाई,” काकू मान हलवत म्हणाल्या.

“डावीकडं. ऐकनाऱ्यांत हाय कुनीतरी, ठसका लागलाय. पानी द्या म्हनावं त्याला.”

माझ्या स्पीकरमधून फक्त सतार आली होती. मी सुई मागे घेतली, सुटी वायर हाताने जागेवर धरली. तीच जागा आली... आणि डाव्या स्पीकरमधून कुणीतरी खोकलं. जोरात. ठसका लागल्यासारखं. काकू दचकून मागे सरल्या. आबा मात्र तसेच बसून होते – ह्या खेपेला त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी सुई उचलून ठेवली. मग आबाच म्हणाले, “डाग मार. उद्या सायेब येनार हाय. माजं काय, ऐकलं तेवढं लई झालं.”

रविवारी सकाळी आयर्न तापवलं. वायर हातात घेतली. आणि आयर्न वायरीला टेकवायच्या आधीच त्याचा प्लग काढून ठेवला.

साहेब आले, रेकॉर्ड लावली. मिनिटभरात त्यांच्या कपाळाला आठी. “डावा बंद आहे.”

“होय साहेब.”

“एक वायर! ती जोडता येईना, आणि तुला वायरमन करू?”

आबांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी मीच बोललो, “नाही जमत, साहेब. लई खटपट केली.”

साहेब चहाला थांबले नाहीत. जागा दुसऱ्याला गेली. दार लागल्यावर आबा माझ्याकडे बघत राहिले. “येडा हायस तू,” म्हणाले. काकूंनी डोळे पुसले आणि सुई पुन्हा पहिल्यापासून ठेवली.

पुढे मी दुसरीकडे वायरमन झालो, आयुष्यभर जोड देत आलो. कानाच्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, नस मेलेली असेल तर आवाज पोचणारच नाही. रेडिओवाल्याला विचारलं. म्हणाला, वायर सुटी असेल तर आवाज निघणारच नाही. दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणूनच चिडायला होतं. इतक्या वर्षांत एकही माणूस ह्याच्या पुढे गेला नाही. मीही नाही.

तुम्हाला काही सुचलं तर जरूर लिहा. पण आबांना ऐकू येतच नव्हतं, एवढं मात्र लिहू नका. त्यांचा चेहरा मी बघितलाय.