जोडप्याच्या खोलीत आम्ही दोघी

नैनितालला खरं तर मी आणि माझा नवरा जाणार होतो. लग्न झालं त्या वर्षी घरात एकामागून एक अडचणी निघाल्या आणि आमचं फिरायला जाणं राहून गेलं. लेक शाळेत जायला लागली तरी ते राहिलेलंच होतं. या हिवाळ्यात नवऱ्यानं मनावर घेतलं. सोलापूरहून दिल्ली, तिथून काठगोदाम आणि पुढं गाडीनं वर. हॉटेल, गाडी, सगळं त्यानंच मोबाईलवर शोधलं. मला एवढंच सांगितलं, की खोलीच्या खिडकीतून तळं दिसतं. लेकीला लोहाऱ्याला माझ्या आईकडं ठेवायचं आणि बेंबळीच्या घरी आत्या राहतील, असा बेत होता. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

निघायचं होतं येळवस झाल्यावर. वेळ अमावस्येच्या या सणाला रानात बसून मिसळ भाज्यांची भज्जी आणि आंबील खाल्ल्याशिवाय आमच्या घरातलं कुणी गाव सोडत नाही. जेवणं झाली, आणि पोटभर आंबील प्यालेला माझा नवरा पुतण्यांबरोबर क्रिकेट खेळायला उतरला. झेल घ्यायला आभाळाकडं बघत मागं मागं पळाला आणि बांधावरून खाली गेला. झेल आपण सोडला नाही, हे तो अजूनही सगळ्यांना सांगतो. घोट्याचं हाड मात्र मोडलं.

गुडघ्यापर्यंत प्लास्टर आलं. मी भरलेली बॅग उपसायला काढली. हॉटेलवाले काही पैसे परत द्यायला तयार नव्हते. नवरा बाजेवर पडल्या पडल्या म्हणाला, "तू आईला घेऊन जा." मला वाटलं, औषधाचा परिणाम असेल.

आत्या दारात हरभऱ्याची भाजी निवडत बसल्या होत्या. माझी नणंद भावाला बघायला वाशीहून आली होती. आत्यांनी मान वर न करता तिला विचारलं, की आठवडाभर राहशील का. ती राहीन म्हणाली. मी म्हणाले, "आत्या, यांचा पाय मोडलाय. अशात तुम्हाला घर सोडून..."

"त्याचा पाय मोडलाय," आत्या म्हणाल्या. "माझा न्हाय."

नवऱ्याचं रेल्वेचं तिकीट आत्यांच्या नावावर करून मिळालं. आत्यांची तयारी माझ्याआधी झाली. लेकाची कानटोपी, लेकाचे पायमोजे, लेकाचेच पांढरे बूट, नऊवारीवर चढवायला दोन स्वेटर, एक वाकळ आणि धपाट्यांचा डबा. तुळजापूर आणि सोलापूर सोडलं तर त्यांनी फारसं काही बघितलेलं नव्हतं, पण निघताना चेहऱ्यावर अशी शांती, की जणू दर हिवाळ्याला हिमालयात जातात.

मी मात्र मनातून घाबरले होते. आमचं भांडण कधी नव्हतं, पण बोलणंही बेताचंच. दूध तापवलं का, पीठ दळून आणलं का, पोरीनं खाल्लं का, इथं आमच्या गप्पा संपायच्या. आता अख्खा आठवडा दोघीच काय बोलायचं, याचा विचार मी दिल्लीपर्यंत केला. आत्यांनी दिल्लीपर्यंत झोप काढली.

काठगोदामला गाडीचा ड्रायव्हर पाटी घेऊन उभा होता. पाटीवर नवऱ्याचं नाव आणि खाली 'श्रीमती' लिहिलेलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, आत्यांकडं बघितलं, मग आमच्या मागं बघितलं आणि साहेब कुठं आहेत असं अदबीनं विचारलं. मी काही बोलायच्या आत आत्यांनी आपली ठेवणीतली हिंदी काढली. "साब का पाव टूट्या. उनो घर में च है. हम दोनोच हैं, चलो." ड्रायव्हरनं मान डोलावली आणि सामान उचललं. वाटेतल्या प्रत्येक वळणावर आत्या त्याला हळू चालवायला सांगत होत्या आणि तो प्रत्येक वेळी "जी माताजी" म्हणत तेवढ्याच वेगानं वळत होता.

खोलीचं दार उघडलं आणि आम्ही दोघी उंबऱ्यातच थबकलो. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा मोठा बदाम काढलेला. त्याच्या मध्यात दोन पांढरे हंस, चोचीला चोच लावून बसलेले. माझे कान तापले. नवऱ्यानं कुठली खोली घेतली होती, ते मला त्या क्षणी कळलं.

आत्यांनी बूट बाहेर काढले, पदर सावरला आणि दबक्या आवाजात विचारलं, "कुणी पूजा मांडलीय का गं?"

मी म्हणाले, थंडीच्या दिवसांत पाहुण्यांचं असंच स्वागत करतात. त्यांनी जवळ जाऊन एका हंसाची मान धरली, तर हंस उलगडला. "अगं, हे तर टावेल हायत," असं म्हणून त्यांनी दुसऱ्याचीही घडी मोडली आणि दोन्ही न्हाणीत नेऊन टांगले. पाकळ्या मात्र एक एक वेचून रुमालात बांधल्या. सकाळी देवीच्या देवळात वाहू म्हणाल्या.

मला वाटलं, निभावलं. पण संध्याकाळी वेटर आम्हाला न्यायला आला. काचेच्या सज्जात एकच टेबल लावलेलं, खाली तळ्यात दिव्यांची थरथर. आम्ही बसलो तसे त्यानं दिवे मालवले आणि मेणबत्ती लावली.

"लाईट गेली जणू," आत्या म्हणाल्या. पहाडातही लाईट जाते याचं त्यांना जरा समाधानच वाटलं असावं. त्यांनी पिशवीतून रानात न्यायची बॅटरी काढली आणि टेबलाच्या मधोमध उभी केली. लख्ख उजेड पडला. त्या उजेडात वेटर केक घेऊन आला. वर लाल बदाम, आणि इंग्रजीत काही लिहिलेलं. आत्यांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत. त्यांनी वेटरला वाचायला सांगितलं. मी त्याला डोळ्यांनी नको नको म्हणत होते, पण त्या बिचाऱ्यानं इमानदारीत सगळं वाचलं. आधी 'हॅपी हनिमून', मग माझ्या नवऱ्याचं नाव, मग माझं.

हनिमून हा शब्द आत्यांना टीव्हीवरच्या मालिकांमुळं माहीत होता. त्यांनी केककडं बघितलं. मेणबत्तीकडं बघितलं. मग बहुधा ते हंस आठवले असावेत. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं थंडी वाजतेय, म्हणून मी शाल पुढं केली, तर त्या हसत होत्या. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. मग मलाही हसू आवरेना. वेटर ताटकळत उभा राहिला.

जरा दम खाऊन त्यांनी विचारलं, "हे समदं त्यानं ठरवलंतं? तुझ्यासाठी?"

"व्हय."

"आन् आलं कोण, तर मी." त्यांनी डोळे पुसले. मग हळूच म्हणाल्या, "मला वाटायचं, ह्याला काय सुचतच न्हाय. बापावर गेलाय." केकचा तुकडा मोडून त्यांनी माझ्या तोंडाजवळ आणला. "घे, त्याच्या वाटचा घास मी देते. उखाणा घ्यायला तेवढं लावू नकोस."

त्या केकनंतर आमच्यातलं काहीतरी सैल झालं. दुसऱ्या दिवशी आत्या न्याहारीला बसल्या ते कामाचं बोलायलाच. तो आला असता तर आज काय केलं असतं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, होडीत बसलो असतो. त्या लगेच उठल्या.

आम्ही पायानं चालवायची दोघांची होडी घेतली. आत्यांनी कासोटा घट्ट केला आणि पाय मारायला सुरुवात केली, तर थांबायलाच तयार नाहीत. दिशा माझ्याकडं होती आणि मला ती काही जमेना. होडी जागेवरच गोल गोल फिरायला लागली. काठावरचे डोंगर, देऊळ, रंगीत घरं पुन्हा पुन्हा समोरून जात राहिली. तेवढ्यात दुसरी एक होडी येऊन आमच्यावर आदळली. त्यात इंदूरचं नवं जोडपं होतं. मुलगा मोबाईलवर फोटो काढण्यात गुंग आणि मुलगी दुसरीकडं तोंड करून फुगून बसलेली. आत्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि राहवलं नाही. "फोन रख बाबा. पानी देख. बीबी को देख." मुलगा ओशाळला, मुलगी फिस्सकन हसली. मग तळ्याच्या मधोमध, होड्या एकमेकींना धरून, आम्ही चौघांनी धपाटे आणि शेंगाची चटणी खाल्ली. त्या मुलीचं माहेर, सासर, दीर, नणंदा, सगळं आत्यांनी विचारून घेतलं.

ती दोघं गेल्यावर पाय मारायचं सोडून आम्ही नुसत्याच बसलो. पाणी हिरवंगार आणि स्वस्थ. आत्यांनी हात बुडवून बघितला आणि लगेच बाहेर काढला. हे उन्हाळ्यात आटतं का, असं विचारलं. मी माहीत नाही म्हणाले. मग आपणहून सांगायला लागल्या. लग्नानंतर त्यांनाही एकदा फिरायला नेलं होतं, तुळजापूरला. जीपमध्ये सगळं घर कोंबलेलं. "तुझ्या सासऱ्याची मला नुसती टोपी दिसत होती," त्या म्हणाल्या. "मी बसले होते त्यांच्या चुलतीच्या मांडीवर." हे त्यांनी अजिबात रडक्या सुरात सांगितलं नाही. उलट चुलती किती हाडकुळी होती आणि किती टोचत होती, याचंच वर्णन जास्त केलं.

बर्फाची शिखरं बघायला आम्ही वरच्या पॉइंटवर दोनदा गेलो. दोन्हीदा ढग. दुर्बिणवाल्यानं आत्यांना दुर्बिणीतूनही ढगच दाखवले. निघायच्या सकाळी मात्र हवा काचेसारखी झाली. ड्रायव्हरनंच गाडी वळवून वर नेली. पलीकडं या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रांग उभी होती. आत्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, कानटोपीतून नाक तेवढं बाहेर. मला वाटलं हात जोडतील. त्यांनी जोडले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "लई मोठं हाय." आणि माझा हात धरून गाडीपर्यंत चालत आल्या. उतार होता, पण एवढाही नव्हता.

घरी आलो तेव्हा नवरा कुबड्या घेऊन ओसरीत बसला होता. त्यानं सगळे फोटो एकेक करून बघितले. बाजूला नणंद, तिच्या मांडीवर लोहाऱ्याहून परत आलेली आमची लेक. होडीतला फोटो त्यानं मोठा करून बघितला. मग जरा पडलेल्या आवाजात विचारलं, "मी असतो तर आणखी मजा आली असती, नाही का?"

मी आत्यांकडं बघितलं. आत्यांनी माझ्याकडं.

"च्या घेतोस का?" आत्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी आत गेलो.